दगड जागेवर, दगडफूल गायब

"बाई, कुणाला सांगितलं तर पटत नाही, तुम्हालाही पटणार नाही. पण इथं चोरानं दगड ठेवला आणि दगडावरचं तेवढं नेलं!"

विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाबाहेरच्या बाकावर कॉफी पीत बसलेल्या अनोळखी बाईंना संताजीराव सांगू लागले.

काल सकाळी दिव्यश्री रडतच विजयनगरात अन्नपूर्णाक्कांकडे आली. अक्का खाजगी गुप्तहेर. धाकटे बंधू संताजीराव त्यांचे सहायक, म्हणजे भिंग सांभाळणारे. दिव्यश्रीला समुद्रकाठच्या खडकावर जटांसारख्या लोंबणाऱ्या दगडफुलाची नवी जात सापडली होती. नमुना एकच, छिन्नीनं दगडासकट काढलेला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरेटची तोंडी परीक्षा; आणि विभागाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे नमुन्यांच्या संग्रहात, पुडीत नुसता दगड!

"पुडी जडच होती, अक्का. महिनाभर कुणी उघडली नाही."

अक्का विभागात पोचल्या. त्याच विषयावर काम करणारा पद्मनाभ उसळला. "मी चोरलं असतं तर दगडासकट! दगडाशिवाय त्या जटांना कोण विचारतो?"

"हाच तो!" संताजीराव कुजबुजले. "कसा चिडलाय बघ."

"तू सुम्ने बस रे, गप्प."

मग पुड्या बांधणारे कृष्णाजी. त्यांनी संक्रांतीचा एळ्ळु-बेल्ल, म्हणजे तीळगूळ, अक्कांच्या हातावर ठेवला. नखं जांभळी.

"हे काय हो?" संताजीरावांनी विचारलं.

"जांभळं खाल्ली."

त्यांच्या कपाटातून अमोनियाचा भपकारा आला. "फरशी पुसायचा," ते म्हणाले.

दुपारी अक्कांनी सगळ्यांना बसवलं.

"दगड हाच नमुन्याचा पत्ता. अभ्यासक तो सोडत नाही; म्हणजे पद्मनाभ नव्हे. कृष्णाजी, संक्रांतीला जांभळं कुठल्या झाडाला लागतात? काही दगडफुलं अमोनियात मुरवली की जांभळा रंग सुटतो. आणि तुमचं घराणं रंगाऱ्यांचं."

कृष्णाजींनी मान खाली घातली. "माझ्या भव्याचं लग्न आहे, अक्का. रंगाऱ्याच्या लेकीनं विकतचा रंग नेसायचा? अय्यो, नमुन्याचा नंबर तर दगडावर होता. दगडाला मी धक्का लावला नाही!"

त्यांनी कपाटातून डबी काढली. अर्ध्या जटा अजून कोरड्या होत्या.

"मग?" बाकावरच्या बाईंनी विचारलं.

संताजीरावांना आता चेव चढला. "मग काय! आज परीक्षक आले. सहा फूट उंच, मिशा या एवढ्या! डबीत बघितलं आणि ढसाढसा रडले. म्हणाले, 'पोरी, तुला प्रश्न कसले विचारायचे? झालीस तू डॉक्टर!' मी शेजारीच उभा होतो की."

बाईंनी कॉफीचा लोटा खाली ठेवला.

"साफ खोटं! परीक्षा तीनला आहे, परीक्षक मी आहे. आणि नमुना अर्धाच उरलाय हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय."