मेणगडाचं दार

खेळ सुटला की पूर्वी कोल्हापुरात जिन्यावरच पिक्चरची चिरफाड सुरू व्हायची. हिरोपेक्षा व्हिलनच बरा होता, शेवट नुसता गुंडाळलाय, असं तावातावाने बोलत माणसं चहाच्या गाडीपर्यंत जायची आणि तिथे वाद रंगायचा. राजमुद्रा चित्रमंदिराचा जिना आता गप्प असे. दारातल्या ट्रेमध्ये चष्मे टाकून माणसं खाली मान घालून निघून जात. बोलणार काय आणि कुणाशी? आपण पाहिला तो सिनेमा शेजारच्याने पाहिलेलाच नसे.

याला नाडीपट म्हणत. प्रत्येक खुर्चीच्या उजव्या हातावर पितळेची पट्टी बसवलेली होती. तिच्यावर तळहात टेकला की नाडीचे ठोके, घाम, बोटांची थरथर सगळं यंत्राला कळायचं आणि माणसाचा जीव जिकडे ओढ घेईल तिकडे गोष्ट वळायची. भित्र्याला भीती मिळे, चिडलेल्याला सूड मिळे. तक्रारीला जागाच नव्हती, कारण ज्याने त्याने आपलंच मागितलेलं असे.

दिगंबरराव इंगवले रोज दुपारच्या खेळाला येत. तिकीट तपासणाऱ्याला वाटे, म्हाताऱ्याला मारामारीचा भारी नाद दिसतोय. ‘मेणगड’ हा चित्रपट याच म्हाताऱ्याने लिहिलाय, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार?

गोष्ट घरोघरी सांगितली जाते तीच, कावळ्याच्या शेणाच्या घराची आणि चिमणीच्या मेणाच्या घराची. दिगंबररावांनी तिचं पार युद्ध करून टाकलं होतं. त्यांचा कावळा लोखंडी पंखांचा सेनापती होता. पुरात त्याचं राज्य वाहून गेलेलं, निम्मं सैन्य बुडालेलं, पाठीवर जखमी पिल्लू. चिमणी मेणगडाची राणी. बाळाला न्हाऊ घालायचंय, काजळ घालायचंय, अशा सबबी सांगत ती दार उघडायला उशीर लावते आणि तेवढ्या वेळात आतून भिंतींवर धनुर्धारी चढवते. शेवटी कावळा दारावर चोच आपटतो, आणि पुढे काय होणार ते बघणाऱ्याच्या तळहातावर ठरतं. कुणाच्या चष्म्यात गड पेटून मेण ओघळायचं, कुणाच्या चष्म्यात कावळा उंबऱ्यावर बाणांनी चाळण होऊन पडायचा.

एक शेवट मात्र कुणीच पाहिलेला नव्हता. त्यात चिमणी दार उघडते.

दिगंबररावांचा जीव त्या शेवटात अडकला होता, आणि ते आपल्याच लिखाणाचं कौतुक नव्हे. चिमणीला आवाज दिला होता त्यांच्या बायकोने, शालनने. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात आवाज भरणारी बाई. तिच्या आवाजावर कितीतरी नट्या रडल्या, हसल्या आणि बक्षिसं घेऊन गेल्या. दार उघडल्यावरचं वाक्य तिने सगळ्यात शेवटी रेकॉर्ड केलं. त्यानंतर तिने माइकला तोंड लावलं नाही. चित्रपट पुरा व्हायच्या आत ती गेली.

डबिंगवाल्यांचा एक नियम असतो आणि तो देवळातल्या सोवळ्यासारखा पाळतात. आवाजाच्या खोलीवरचा लाल दिवा लागला की दाराला हात लावायचा नाही, मग बाहेर खुद्द निर्माता का असेना. त्या दिवशी शालनने रेकॉर्डिंग करणाऱ्या पोरालासुद्धा यंत्र लावून बाहेर काढलं. दिगंबरराव दाराबाहेर उभे राहिले. दिवा बराच वेळ लाल होता. मग ती पदराने गळा पुसत बाहेर आली.

“झालं?” त्यांनी विचारलं. “काय बोललीस?”

“तुम्ही लिहिलेलं नाही बोलले. ‘आत ये’ काय? पाहुणा आलाय का चहाला?”

“अगं, मग काय बोललीस ते सांग की.”

“पडद्यावर ऐका. लेखकाला सगळं आधी कळायलाच पाहिजे होय?”

पुढे दवाखान्यातही असंच झालं. आत तिच्यासाठी धावपळ चाललेली, आणि परिचारिकेने ‘थांबा’ म्हटलं म्हणून हे बाहेरच्या बाकड्यावर थांबून राहिले. बोलावलं तेव्हा फार उशीर झाला होता. दिगंबररावांना सांगितलं तिथे थांबायची सवय होती. या सवयीचा इतका राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता.

पट तयार झाला, लागला, आणि ते वाक्य ऐकायला ते राजमुद्रात येऊन बसले. पट्टीवर हात ठेवला. दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कधी मन शांत करून बसले, कधी नातवंडांचा विचार केला, कधी शालनचाच. ठोके काही ऐकेनात. यंत्राला त्यांच्या तळहातात दरवेळी बंद दारच सापडे, आणि मेणगड पेटे.

आज खेळाच्या आधी त्यांनी जिन्यात उभं राहून तन्वीला फोन लावला. तन्वी सरनाईक नाडीपटाचं यंत्र सांभाळायची. शालनच्या हातची सांडगी मिरची खाऊन वाढलेली पोर.

“काका, उद्या सकाळी पाखडणी आहे,” ती म्हणाली. “कुणाच्याच नाडीने न मागितलेले प्रसंग यंत्र काढून टाकतं. मी थांबवू शकत नाही, खरंच.”

“मग मला एकदाच ऐकव. तुझ्या तिथे बसून.”

“ऐकवता येत नाही हो. गेलेल्या कलाकाराचा आवाज खेळाबाहेर वाजवायचा नाही, हा कायदा आहे. आणि तो व्हावा म्हणून मोर्चे कुणी काढले होते? काकूंनीच ना?”

दिगंबररावांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. मेलेल्या गायकांचे आवाज साबणाच्या जाहिरातीत विकले जायला लागले तेव्हा शालन झेंडा घेऊन रस्त्यावर बसली होती. आता तिचाच कायदा तिच्या नवऱ्याच्या आड आला होता. त्यांनी फोन ठेवला आणि ते अंधारात जाऊन आपल्या खुर्चीत बसले.

शेजारच्या खुर्चीत आज एक म्हातारी होती. चपला काढून, पाय वर घेऊन, ओट्यावर बसल्यासारखी मांडी घालून बसलेली. मांडीवर भडंगाचा पुडा.

“दादा, ह्यो चष्मा उलटा तर न्हाई न्हवं?” तिने विचारलं.

“बरोबर आहे, आक्का. हात त्या तुमच्या पितळी पट्टीवर ठेवा.”

“नातवानं तिकीट काढून दिलं आणि गेला की कामाला. म्हणाला, आज्जी, चिमणी-कावळ्याचा शिनमा हाय, तुला आवडंल.” तिने मूठभर भडंग पुढे केला. “घ्या की. एकटीला खायला बरं वाटत न्हाई.”

तिचं नाव हौसाक्का, गाव मुरगूड, हे दिवे पूर्ण जायच्या आत कळलं. मग पट सुरू झाला.

पूर आला. लोखंडी पंख चिखलातून वर आले. बुडणाऱ्या सैन्याचा आरडाओरडा कानांत घुमला तशी हौसाक्का मोठ्याने म्हणाली, “आगं आई गं! ह्यो कुठला कावळा म्हणायचा?” कुणी तिला गप्प केलं नाही, कारण प्रत्येकाच्या कानात आपापला गदारोळ चालला होता. दिगंबररावांना मात्र ऐकू गेलं. कावळा मेणगडाच्या पायऱ्या चढू लागला. आतून शालनचा आवाज आला, सबबी सांगणारा, थंड, धारदार. इथवरचा आवाज त्यांना पाठ होता. भिंतींवर धनुष्यं ताणली गेली.

तेवढ्यात हौसाक्काने घाबरून दुसरा हात टाकला तो थेट त्यांच्या हातावर. भडंगाच्या तेलाने ओशट झालेला, खरखरीत हात. बोटं त्यांच्या बोटांमधून जाऊन पितळेला टेकली.

आपला हात बाजूला घ्यावा, तिला नीट सावरून बसवावं, असं त्यांच्या मनात आलं. पाखडणीआधीचा शेवटचा खेळ होता. दोन माणसांच्या नाड्या एका पट्टीवर मिसळल्या तर यंत्र काय करील, कुणी सांगावं? पण शालन गेल्यापासून कुणी त्यांचा हात असा धरला नव्हता. आपण किती एकटे पडलोय हे त्यांना त्या परक्या हाताने सांगितलं. त्यांनी हात काढला नाही.

कावळ्याने चोच उगारली आणि तो थबकला. वारा पडला. धनुष्यांच्या दोऱ्या सैल झाल्या. चित्र जागच्या जागी थरथरत राहिलं, जणू यंत्रच विचारात पडलं होतं. मग आतून पावलं आली आणि मेणाचा तो प्रचंड दरवाजा, कसलाही आवाज न करता, उघडला.

चिमणी उंबऱ्यात उभी होती. शालनच्या आवाजात, दमलेल्या, घरच्या आवाजात ती म्हणाली, “किती वेळ उभा आहेस रे बाहेर? दाराला कडी नव्हतीच. ढकलायचं होतंस.”

सगळ्या संसारात शालनने त्यांना कधी ‘अरे’ म्हटलं नव्हतं. दिगंबररावांनी चष्मा काढला आणि भर चित्रमंदिरात, कुणाला दिसेल याची पर्वा न करता, ते रडले. हौसाक्काने हात सोडला नाही.

जिन्यावर तिला आधार देऊन उतरवताना त्यांनी विचारलं, “आक्का, तुमच्या चष्म्यात दार उघडलं?”

“उघडलं की! लई बरं वाटलं बघा.”

“चिमणी काय म्हणाली?”

हौसाक्काने आठवून पाहिलं. “काय म्हणाली न्हाई. नुसती बाजूला सरली, आणि ते पिल्लू घेतलं कडेवर. का वो?”

“नाही, सहज.”

“उद्याच्याला येता का? नातू परत तिकीट काढतो म्हणालाय. एकटीला भ्या वाटतंय ह्या शिनमाचं.”

“येतो,” ते म्हणाले, आणि जिन्यावर कुणाशी तरी पिक्चरबद्दल बोललो, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

तिला रिक्षात बसवलं तोच तन्वीचा फोन आला. “काका! दार उघडलं! दोन खुर्च्यांवर एकदम. आता तो प्रसंग जात नाही. कसं केलंत?”

“तन्वी, ते वाक्य शालनचंच आहे ना? तिने तसंच म्हटलं होतं?”

“खरं सांगू? मला माहीत नाही. त्यांनी खोलीत एकटीने रेकॉर्ड केलं, ते सरळ यंत्राच्या कोठीत गेलं. समोरच्याच्या नाडीप्रमाणे यंत्र त्यांचे शब्द मागेपुढे जुळवतं. तेवढी परवानगी आहे. त्यांनी पूर्ण वाक्य म्हटलं, की तुमच्या हातावरून यंत्राने जुळवलं, हे आम्हालाही शोधता येत नाही.”

“म्हणजे ते माझंच असू शकतं.”

“असू शकतं. काकूंचंही असू शकतं.”

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. शालनची रियाजाची खोली माजघराच्या टोकाला होती. तिचे दिवस झाल्यावर दिगंबररावांनी ते दार लोटून घेतलं, आणि तेव्हापासून आत पाऊल टाकलं नव्हतं. मोलकरणीलाही त्यांनी बजावलं होतं, तिथे जायचं नाही, कडी घातलीय. आज ते दारासमोर उभे राहिले आणि त्यांनी वर पाहिलं. कडी खाली लोंबत होती. ती कधी घातलीच नव्हती, हे त्यांना आत्ता दिसत होतं.

त्यांनी फळीवर तळहात टेकला. इथे पितळेची पट्टी नव्हती, तरी ठोके स्पष्ट लागत होते. ते वाक्य शालनचं असो की त्यांच्याच छातीतलं, आत कुठलाही लाल दिवा जळत नव्हता आणि थांबा म्हणणारं कुणी नव्हतं. मग आपण अजून बाहेर का उभे आहोत?