ग्लायडर ओढणारं विमान

"ढब्ब्या, तू चिटणीससाहेबांना बोलण्यात गुंतव!" चष्मिष कुजबुजला. "तोवर आम्ही नव्या विमानाची माहितीपुस्तिका चाळतो!"

"मला हेच काम का?"

"कारण तुझं तोंड बंद होत नाही!"

पिंगीला हसू आलं नाही. गेल्या सुट्टीत याच धावपट्टीवर तिचे बाबा अपघातात गेले होते. क्लबच्या बिनइंजिनाच्या ग्लायडरला दोरीने वर ओढून नेणारं विमान ते चालवत. इंजिन बंद पडलं आणि विमान कोसळलं. 'वैमानिकाने वेग फार कमी ठेवला' असा शेरा अपघाताच्या अहवालात पडला. तेव्हापासून आई क्लबकडे फिरकली नव्हती.

आता नवं विमान घ्यायचं होतं. क्लबच्या चिटणीससाहेबांना बाबांच्या विमानाच्याच जातीचं विमान हवं होतं; चकचकीत, वेगवान! कोपऱ्यातल्या बोजड, पिवळ्या विमानाकडे ते बघतही नव्हते. पण सकाळच्या चाचणीत चकचकीत विमान ग्लायडर ओढून उतरलं, तेव्हा त्याच्या इंजिनातून जळका वास येत होता. मुलांना तिथेच शंका आली.

ढब्बूने साहेबांवर प्रश्नांचा भडिमार केला. इकडे चष्मिषने पान शोधलं. "वर चढताना वेग ताशी एकशे तीस किलोमीटरच्या खाली ठेवू नये, इंजिन तापतं!"

पिंगी ग्लायडरकडे धावली. आतल्या सूचनापट्टीवर लिहिलं होतं, 'ओढताना कमाल वेग एकशे दहा.'

म्हणजे हे विमान ग्लायडर ओढताना तापणारच! त्या दिवशी मागच्या ग्लायडरमध्ये एक शिकाऊ मुलगी होती. वेग वाढवला असता तर ग्लायडर मोडलं असतं! बाबांनी वेग मुद्दाम कमी ठेवला होता. इंजिन बंद पडताच त्यांनी दोरी सोडली. ती मुलगी सुखरूप उतरली होती.

"साहेब, खरेदीच्या कागदावर सही करू नका!" पिंगी ओरडली. तिने दोन्ही आकडे दाखवले.

साहेबांनी ते पुन्हा पुन्हा वाचले. क्लबची विमानं दुरुस्त करणारे मिस्त्रीकाका खाली मान घालून म्हणाले, "हे आपण ताडून बघायला हवं होतं, साहेब. पोरांनी आपले डोळे उघडले!"

"शाबास, पोरांनो!" साहेबांनी सहीचा कागद बाजूला सारला. "पिवळंच घेऊ. हळू जातं, पण इंजिन तापत नाही. आणि पोरी... तुझे बाबा चुकले नव्हते. चुकलो आम्ही. अहवाल मी बदलून घेतो."

पिंगी धावतच घरी गेली. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, बाबा चुकले नव्हते! साहेब स्वतः म्हणाले!"

आईने हातातली घडी खाली ठेवली.

"मला ठाऊक होतं गं," ती म्हणाली. "पण कुणीतरी म्हणायला हवं होतं."

आणि वर्षभरात पहिल्यांदाच ती पिंगीसमोर रडली.