बारा आवाजांची पेटी

धाकटीला चाळिशी उलटून पाच वर्षं झाली, तरी घरात आणि गल्लीत ती धाकटीच राहिली. हॉस्पिटलांतली यंत्रं दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की ती सरळ उठून चहा टाकायला जायची. तेव्हा बाबांच्या पेटीचं काम तिच्याकडे आलं, यात नवल ते काय!

लोक रेडिओत माणूस शोधायचे त्या काळात बाबांनी विजेवर वाजणारी पेटी बनवली होती. पट्ट्या बारा, आणि प्रत्येकीमागे एक कार्ड, म्हणजे तळहाताएवढं सर्किट. यंत्रानं सूर लावणं त्यांना पटत नसे. घरातल्या, ओळखीतल्या एकेकाला स्टुलावर बसवून 'आ' म्हणायला लावायचे आणि स्क्रू फिरवत फिरवत कार्डाचा आवाज त्या माणसाशी तंतोतंत जुळवायचे. जगानं ढुंकूनही पाहिलं नाही. बाबा गेले आणि पेटी तळघरात धूळ खात पडली. आता सहा वर्षांनी संग्रहालयाला जाग आली होती. सोमवारी पेटी न्यायची होती आणि तिच्यावर बाबांच्या नावाची पाटी लागणार होती.

"माझे डोळे मिटायच्या आत त्यांचं नाव लागू दे गं, एवढंच," आई म्हणाली होती. हे ऐकून धाकटीनं चार दिवसांची रजा टाकली.

गुडघ्यांमुळे आई तळघरात उतरत नसे, पण तिची बडबड दिवसभर वरून झिरपत असे. कधी भांड्यांशी, कधी खिडकीशी, कधी फोनवर मावशीशी. बाबा तिला बटण नसलेला रेडिओ म्हणायचे.

शुक्रवारी सकाळी धाकटीनं पेटी सुरू केली. पाच पट्ट्या मुक्या होत्या. कार्डं तपासली तर एकातही दोष सापडेना. प्रत्येक पट्टीखाली बाबांनी पेन्सिलीनं आवाजाचा मालक लिहून ठेवला होता: आई (म्हणजे धाकटीची आजी), दादा, मास्तर, सुतार, धाकटी, असे सगळे. शेवटच्या दोन पट्ट्या 'ही' आणि 'मी'. बायकोला ते जन्मभर 'ही'च म्हणत आले होते.

'मी' मुकी होती. धाकटीनं बाकीच्या चार मुक्या नावांवरून बोट फिरवलं. चौघंही कधीच वारली होती.

"योगायोग," ती मोठ्यानं म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाला दचकली.

'सुतार' मात्र खणखणीत वाजत होती. पेटीचं लाकूडकाम त्याचंच. दुपारी बाराला तिनं ती पुन्हा दाबली, तर आवाजच नाही. वायर ठीक, जोड ठीक. साडेबाराला सुताराच्या सुनेचा फोन आला.

"सासरे गेले हो. जेवायला बसले होते, ताटावरच मान टाकली."

म्हणजे पट्टी मुकी झाली तेव्हाच. हे डोक्यातून काढायला एकच उपाय होता, अदलाबदल. चालू कार्ड बंद जागी लावायचं, बंद कार्ड चालू जागी. दोष कार्डात आहे की जागेत, लगेच कळतं. यातला बाबांचा एकमेव नियम तिनं लहानपणी हजारदा ऐकला होता: "खूण केलीस का?" कार्डं सगळी सारखीच दिसतात, म्हणून काढण्याआधी खडूचा टिपका द्यायचा. विसरलं तर बाबा रागवायचे नाहीत. चष्मा काढून बाहीला पुसत बसायचे, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट असायचं.

तिला आता धीर नव्हता. 'मी'चं कार्ड काढलं, शेजारचं 'ही'चं काढलं आणि जागा बदलून लावली. मग 'ही' दाबली.

बाबांचा आवाज आला. 'आ'च्या आधी ते घ्यायचे तो दम्याचा छोटा श्वासही.

'मी' दाबली. मुकी.

वरची बडबड थांबली होती.

"आई?"

वर नळ नुसता वाहत होता.

तिनं दोन्ही कार्डं ओरबाडून काढली. घामेजल्या हातातून ती निसटली आणि फरशीवर घसरत गेली. उचलून पाहिली तर दोन्ही एकसारखी. खूण नव्हती.

खूण करायला ती विसरली होती.

हाताला जे आलं ते तिनं 'ही'च्या जागी लावलं, उरलेलं 'मी'च्या.

नळ बंद झाला. वर पावलं वाजली. धाकटीचा जीव भांड्यात पडला.

पावलं जिन्याकडे आली. कठड्याला हातही न लावता आई भराभर खाली उतरली. खिळ्यावर सहा वर्षं लटकलेला बाबांचा चष्मा तिनं काढला, बाहीला पुसला आणि पेटीकडे बघत राहिली.

"खूण केली होतीस का?"

आवाज आईचाच होता.

धाकटीनं पुन्हा कार्डांना हात लावला नाही. समोर जे कोणी उभं होतं, तेही गेलं असतं तर? तिला भयंकर भीती वाटत होती, आणि आई हवी होती.

शुक्रवारपासून घरात बडबड नाही.

सोमवारी सहाच पट्ट्या वाजतात म्हणून संग्रहालयाचा अधिकारी कुरकुरला, पण पाटी त्यानं लावली. आईनं ती वाचली आणि चष्मा पुसला.

"उशिरा का होईना, लागलं माझं नाव," ती म्हणाली.

अधिकारी एकेक पट्टी दाबून बघत पुढे सरकत होता. त्याचं बोट 'ही'वर आलं, तेव्हा धाकटीनं दोन्ही कान घट्ट दाबून धरले.