निळ्या खडूवरचा अंगठा

दर जानेवारीत व्हर्ना विहिरीतलं पाणी मोजायची. कॅन्ससच्या त्या सपाट रानात विहीर म्हणजे जमिनीत खोल उतरवलेला, जेमतेम वाटीएवढ्या तोंडाचा पाइप. पोलादी फितीच्या टोकाला निळा खडू फासायचा, फीत खाली सोडायची आणि वर काढून खडू कुठवर भिजला ते बघायचं, ही वडिलांची रीत. दर वर्षी पाणी दोन फूट खाली गेलेलं असायचं.

यंदा धाकटा भाऊ ड्वेनही आला होता. त्याला पंप अगदी तळाच्या पाण्यापर्यंत उतरवायचा होता. त्या कामाच्या करारावर फक्त तिची सही राहिली होती, आणि तो कागद घरी पडून होता. भर दुपारीही धुक्यात घर दिसत नव्हतं.

"अजून दहा वर्षं मका निघेल," तो म्हणाला.

"आणि अकराव्या वर्षी?"

"तेव्हाचं तेव्हा. तू काय पाण्याची राखणदार आहेस?"

ती हसली. फीत दोनशे फूट खाली गेली आणि खालून हिसका बसला. थोड्या वेळाने दुसरा.

"अडकली का?"

"नाही... कोणीतरी ओढतंय."

ड्वेनचा चेहरा पांढरा पडला. लहानपणी पप्पा जुन्या, रुंद विहिरीतला गाळ काढायला उतरायचे, तेव्हा वर दोर धरून हीच दोघं उभी असायची. दोन हिसके म्हणजे, बस झालं, वर ओढा. पप्पांना जाऊन वीस वर्षं झाली होती.

फीत वर आली. ओल्या खडूत एक अंगठा उमटला होता, अर्धाच. पप्पांचा अर्धा अंगठा मळणीयंत्रात गेला होता. पाइपातून त्यांच्या तंबाखूचा वास येत होता.

ड्वेनने डोक्यावरची टोपी काढली. मग हळूच म्हणाला, "तो कागद शेगडीत घाल."

त्या वर्षी पंप बंद राहिला. पावसावर येईल तेवढा गहू त्यांनी पेरला. शेजाऱ्यांनी टिंगल केली, पण पोटाला कमी पडलं नाही.

पुढच्या जानेवारीत पाणी इंचभरही उतरलं नव्हतं. व्हर्नाचा ऊर भरून आला. गुडघे टेकून तिने पाइपवर हात ठेवला. "पप्पा, तुमचे उपकार कसे फेडू?"

फीत गुंडाळता गुंडाळता ड्वेनचे हात थांबले.

"व्हर्ना... हे बघ."

ओल्या खडूत पुन्हा उमटलेल्या अर्ध्या अंगठ्याशेजारी आणखी एक अंगठा होता, वाटाण्याएवढा. तान्ह्या मुलाचा. त्यांच्या घरात मूल कधी दगावलं नव्हतं.

आणि खालून, खूप खालून, कोणीतरी घटाघटा पाणी पीत असल्याचा आवाज येत होता.

"झाकण लाव..." ड्वेन पुटपुटला.

"थांब," व्हर्ना म्हणाली. "आधी पिऊ दे. त्याला अजून जन्माला यायचंय."