ड्यूकसाहेबांच्या स्नानाचं चित्र

माणसानं बघावं, पण किती? त्या तादेओला काही ताळतंत्रच नव्हतं. ड्यूकसाहेब गंधकाच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसलेले, वैद्याच्या हुकमावरून पेल्यामागून पेला तेच कोमट, कुजक्या वासाचं पाणी पितायत, आणि त्यांचं चित्र काढायला दरबारातून आलेला हा पठ्ठ्या बघतोय कुणाकडे? तर पेला भरून देणाऱ्या ओरेत्ताकडे!

"रंग वाळला का?" ती रोज विचारायची.

"या वाफेत कुठला वाळतोय..." तो हसायचा. "वाळला की मला जावं लागेल. तू आपली पाणी ओतत राहा."

"जिभेला तेल बरंय तुझ्या. थोडं कुंचल्यालाही लाव."

बाहेर डोंगरावर दिवसचे दिवस धुकं. ड्यूकसाहेब पिवळे पडत चाललेले. चित्रात मात्र गाल लालबुंद. आणि शेजारी, पेला पुढे करून उभी ओरेत्ता — गालाला चिकटलेल्या बटेसकट. ते पाहून तिनं ती बट कानामागे सारली. विधवा बाईला एवढं निरखून कुणी पाहिलं होतं?

"चित्र पुरं झालं की ड्यूकसाहेबांकडे आपल्या लग्नाची परवानगी मागतो," तो हळूच म्हणाला. "त्यांच्या शब्दाशिवाय दरबारच्या चित्रकाराला बायको करता येत नाही. पण मी विचारणार... नक्की."

ती त्याच्या बाहीवरचा निळा डाग अंगठ्यानं पुसत राहिली, एवढंच.

चित्र दाखवलं त्या दिवशी ड्यूकसाहेब खोकत खोकत म्हणाले, "ही पाणी देणारी कशाला? इथे आमच्या राणीसाहेब हव्यात."

राणीसाहेब कुंडाची पायरीसुद्धा उतरल्या नव्हत्या. वासानंच त्यांना मळमळायचं. तादेओ "जी" म्हणाला.

ओरेत्तानं चित्र पुन्हा पाहिलं, तेव्हा तिचा चेहरा खरवडलेला होता. त्या जागी राणीसाहेब, मोत्यांसकट.

"विचारलंस?"

"अगं, ते आधीच तापले होते... वसंतात विचारीन." तो जवळ सरकला. "पण हे बघ, हात तुझेच ठेवलेत. कुणाला कळायचं नाही. फक्त आपल्या दोघांना—"

हो, तिचेच होते. गंधकानं सोललेली बोटंसुद्धा. तिचे डोळे भरून आले. तिनं ते ओल्या फडक्यानं पुसले आणि मान वर केली.

"राबायला माझे हात आणि मिरवायला तिचं तोंड! तू वाईट नाहीस रे, तादेओ. भित्रा आहेस. आणि भित्र्याचा संसार बाईला एकटीनंच ओढावा लागतो. एकदा ओढून झालाय माझा. जा तू."