कातडीखाली दीड सेंटिमीटर

अड्याळच्या बाजारात लोक भाजी बघतात. मी माणसांचे हात बघत फिरत होते.

कांदेवाल्याचा हात गव्हाळ – नको. लसूणवाल्या मावशींचा चालला असता, पण कोपरापर्यंत बांगड्या. आणि मग वांग्यांच्या ढिगामागे तो हात दिसला. काळाभोर, तुकतुकीत, मनगटापासून कोपरापर्यंत एकसारखा. तराजू उचलताना त्यावरची शीर हलली आणि मी... बघतच राहिले.

"ओ मॅडम, वांगे पाहून राहिल्या का मले?"

हाताचा मालक हसत होता. खोटं बोलायला वेळच मिळाला नाही.

"तुमचा हात पाहून राहिली," मी म्हटलं. "अर्धा तास द्याल का?"

"दे ना बापा कैलाश!" लसूणवाल्या मावशी खो खो हसल्या. "पोरगी सोता मागाले आली!"

मी डिंपल. पवनीच्या हातमागवाल्या घरातली, चार वर्षांपासून एका यंत्रावर पीएचडी करणारी. डिंपल नाव असून गालाला खळी नाही आणि रंगही नावाला शोभेलसा नाही, असं आमच्या आत्या येईल त्याला सांगतात. आजवर ते गोऱ्या हातांवरच चाललं होतं. काळ्या हातावर चालतं का ते बघायला मी ते पहिल्यांदाच प्रयोगशाळेबाहेर काढून अड्याळच्या पंचायतीच्या सभागृहात मांडलं होतं. तिथं कैलाशला बसवून मी सगळं समजावलं. उजेड शरीरात शिरतो, पण थोडा आत गेला की दुधात पडल्यासारखा विखुरतो, त्यानं खोलचं चित्र नीट निघत नाही. आवाज मात्र सरळ बाहेर येतो. म्हणून आम्ही लेझरचा क्षणभराचा झोत टाकतो. आतलं रक्त तो उजेड पितं, कणभर तापतं, फुगतं आणि अगदी बारीक आवाज करतं. सोनोग्राफीचा प्रोब तो आवाज ऐकतो आणि चित्र काढतो.

"म्हंजे टॉर्च लावाचा अन् कान द्याचा," कैलाश म्हणाला.

चार वर्षांत इतकं नेमकं मला नाही सांगता आलं, आमच्या सरांनाही नाही.

पण त्याच्या हातावर प्रोब टेकवला तर पडद्यावर वरती एक जाड पांढरा पट्टा उमटला, आणि खाली नुसता अंधार.

"माह्या अंदर काहीच नाई का?"

"आहे ना. पण तुमची कातडीच सारा उजेड पिऊन राहिली. तीच एवढ्या जोरात बोलते, का खालचं काही ऐकूच येत नाही."

"कातडी बोलते? बरं झालं. मी तं बोलतच नाई."

खोटारडा! त्या अर्ध्या तासात त्याचं तोंड क्षणभर मिटलं असेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी तो न बोलावता आला. तिसऱ्याही. बाही वर सारायची, थंड जेल लावलं की "आई गं" म्हणायचं, आणि माझ्या लेझरच्या चष्म्याकडे बघून म्हणायचं, "वेल्डिंग कराले निघाल्या का?" प्रोब धरायला एक हात पुरतो. मी दोन वापरत होते. एक त्याच्या मनगटावर... तो हलू नये म्हणून. तो हलत नव्हता.

"रोज कायले येता?" एकदा मी विचारलंच. "शेतात काम नाही?"

तो पहिल्यांदा गंभीर झाला. "बाबाले साखर हाय. पायाचं बोट मरून राहिलं होतं. गोऱ्या माणसाचं बोट काळं पडलं तं घरच्याईले दिसते. माह्या बाबाचा पायच काळा... कोणाले समजलंच नाई. तीन बोटं गेली." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "तुह्या मशीनले आतलं दिसते म्हणे."

तुमच्यावरून तो तुह्यावर कधी आला ते मला कळलं नाही. कळलं असतं तरी मी अडवलं नसतं.

त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. शुक्रवारी समिती येणार होती. त्यांना चित्र आवडलं तर पुढची दोन वर्षं काम चालणार, नाहीतर तिथंच बंद. "आणि डिंपल," सर म्हणाले, "काळे हात नकोत. उजळ हात ठेव. चित्र सुंदर येतं."

मी म्हटलं, "हो सर."

दुसऱ्या दिवशी कैलाशला मी फक्त एवढंच सांगितलं, की शुक्रवारी समिती चित्र बघायला येतेय, तुम्ही येऊ नका. तो हुशार माणूस. हातावरचं जेल तो बराच वेळ पुसत बसला.

"फोटोत काळ्याले मागंच उभं करतेत, मॅडम. आमाले सवय हाय."

परत मॅडम! आणि गेला तो.

मला रडू आलं, मग राग आला, आणि तो माझाच आला. माझ्या लग्नाच्या बायोडेटातला फोटो स्टुडिओवाल्यानं उजळ करून दिला, तेव्हा मी आठवडाभर घरात कोणाशी बोलले नव्हते. आणि मीच चार वर्षांत माझा स्वतःचा हात या यंत्राखाली एकदाही ठेवला नव्हता. चित्र चांगलं येणार नाही हे मला ठाऊक होतं ना.

सकाळी मी तो ठेवला. प्रोबच्या अंगाला चिकटवलेले, लेझरचा उजेड आणणारे काचेचे तंतू काढले, दोन्हीकडे बोटभर दूर नेले आणि तिरपे बांधले. आता उजेड कडेनं शिरणार आणि आत पसरणार. प्रोबखालची कातडी अंधारात राहणार. ती गप्प राहिली की खालचं ऐकू येईल. युक्ती माझी नव्हती, पुस्तकात वाचलेली होती. गोऱ्या हातांवर तिची कधी गरजच पडली नव्हती, एवढंच. दोन दिवस कोन चुकत राहिला. गुरुवारी दुपारी माझ्या सावळ्या हाताच्या आत, चांगली दीड सेंटिमीटर खाली, एक धमनी पडद्यावर उडायला लागली. मी अशी ओरडले की पंचायतीचा चपराशी धावत आला.

तशीच मी कैलाशच्या शेतावर गेले. तो वांगी तोडत होता. मान वर केली नाही.

"वांगे संपले."

"वांगे नको. तुम्ही पाहिजे." जीभ चावली मी. "म्हणजे... हात."

"हात, का मी? पक्कं सांगा."

"आधी माफी मागते. मी तुम्हाला मागं उभं केलं. उद्या पहिला हात तुमचाच. तुमच्यावर अजून जमवून पाहिलेलं नाही. चित्र नाही आलं तर माझं काम बंद होईल. तरी तुमचाच."

"काहून?"

मी बाही वर केली आणि माझा हात त्याच्या हाताशेजारी धरला. तो बघत राहिला.

शुक्रवारी समितीचे तिघं आले, मधोमध एक ज्येष्ठ डॉक्टर मॅडम. सरांनी प्रयोगशाळेतून एक गोरापान विद्यार्थी आणला होता. मी दाराकडे बघत होते. कैलाश आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि त्याच्या खांद्याला धरून त्याचे बाबा, टिकारामजी.

"आधी हे, सर," मी म्हटलं. सरांचा चेहरा पडला. मी प्रोब टेकवला.

वरचा पट्टा उमटला... बारीक, फिकट. त्याच्याखाली एक धमनी. तिच्याखाली आणखी एक. ठक, ठक, ठक.

 मॅडम खुर्ची ओढून पुढं आल्या. "या हातावर? परत दाखव." मी परत दाखवलं. मग टिकारामजींनी आपण होऊन धड राहिलेला पाय पुढं केला. मी एकेक बोट तपासलं.

"पोरी, जाते का रगत?"

"पाचही बोटांत जाते, बाबाजी."

कैलाशनं तोंड फिरवून डोळे पुसले. अभिमानानं छाती भरून येते म्हणतात ते खरं आहे. सरही शेवटी म्हणाले, "माझं चुकलं, डिंपल." मॅडमनी सांगून टाकलं, की पुढची दोन वर्षं काम चालू राहील आणि असेच हात हवेत.

मग त्यांनी, प्रोब लावण्याआधी मी भरून घेतलेले संमतीचे फॉर्म चाळले. संशोधकाच्या नातेवाइकावर प्रयोग करता येत नाही, म्हणून त्यात एक रकाना असतो. लोक 'नाही' लिहितात आणि सही करतात. कैलाशच्या फॉर्मवर मॅडम थांबल्या. चष्मा वर केला, आणि मोठ्यानं वाचलं.

"संशोधकाशी नाते... 'सध्या नाही'?"

सभागृह हसलं. सर खोकले. कैलाश छताकडे बघत होता, कान लाल – हो, काळ्या माणसाचेही होतात, जवळून बघावं लागतं.

"डिंपल, ही माहिती तू तपासली होतीस?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानंही छत सोडून माझ्याकडे बघितलं.

"माहिती बरोबर आहे, मॅडम," मी म्हटलं. "पुढच्या वर्षीपासून यांचा हात चालणार नाही."