ठमाबाईचं ‘नाय’

अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या घेऊन अल्फिया टपाल नाक्यावरून घरी निघाली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. नळ्या लांब, त्यामुळे एकही रिक्षावाला थांबेना. शेवटी त्या आडव्या कवटाळून ती चालतच आली, आणि वाटेत वाजलेल्या प्रत्येक हॉर्नला दचकली. दचकणं हा तिचा जन्माचा सोबती. कुकरची शिट्टी झाली की हातातलं भांडं पडायचं, पाल दिसली की अख्ख्या मोहल्ल्याला कळायचं. इंजिनियरिंग ती पहिल्या वर्गात पास झाली होती, पण तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नाव विचारलं, तर स्वतःचं नाव सांगायच्या आधी तिला पाणी प्यावं लागलं होतं.

आणि अशा मुलीला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली होती! उंच इमारतींवर अँटेना बसवायचे, सिग्नल तपासायचा. पत्र आलं त्या दिवशी तिच्या अम्मीने, हव्वाबीने, शिरखुर्मा केला. अब्बा, म्हणजे हसनभाई. त्यांनी तो चवीने खाल्ला, वाटी बाजूला ठेवली आणि चष्मा पुसत म्हणाले, "जाणं नाही व्हायचं, बेटा."

"का, अब्बा?"

"जी पोरगी आपल्याच गच्चीवर एकटी जात नाही, ती पुण्यात एकटी कशी राहणार?"

"गच्ची सोडा," थोरला भाऊ झुबेर म्हणाला. "ही बाथरूमला जाताना अम्मीला दाराशी उभी करते. कंपनी अम्मीला पण पगार देणार आहे का, विचार."

खोटं नव्हतं ते. गच्चीची भीती तर लहानपणापासूनची, पण गेल्या उन्हाळ्यापासून तिला तळमजल्याचीही धास्ती बसली होती. त्यांच्या तीन मजली इमारतीच्या तळाला, मागच्या खोलीत, ठमाबाई राहायची. कर्नाळ्याकडच्या एका गावातून भाजीची पाटी घेऊन यायची, नवरा गेल्यावर इथेच खोली घेऊन राहिली, आणि म्हातारी होऊन गेल्या उन्हाळ्यात इथेच गेली. रोज संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर येऊन ती यांच्या उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसे आणि हिरड्यांना मशेरी लावत टीव्ही बघे. सोफ्यावर बस म्हटलं तर म्हणे, "आमी हितंच बऱ्या." आता तिच्या खोलीला कुलूप होतं. त्या कुलपासमोरून अल्फिया श्वास धरून जायची.

टीव्ही मात्र ठमाबाईच्या मागोमाग मुकाच झाला होता. शेजारी नवा टॉवर उभा राहिला आणि डिश ज्या आकाशाकडे बघायची ते आकाशच त्याने गिळलं. रस्ता खोदताना केबल तुटली, ती तुटलीच. मोबाइलवर बातम्या बघायला अब्बांचे डोळे साथ देईनात. संध्याकाळी ते काळ्या पडद्यासमोर नुसते बसून राहायचे.

त्या काळ्या पडद्याकडे बघूनच अल्फियाला सुचलं.

"अब्बा, मुंबईच्या मनोऱ्यावरून सरकारी चॅनल अजून हवेतून येतात. डिजिटल. अँटेना उंचावर नीट लागला तर इथे पनवेललासुद्धा मिळतील. तो मी बनवते, मीच लावते. चित्र आलं, तर पुण्याला पाठवाल?"

झुबेर हसला. अब्बा हसले नाहीत. बराच वेळ त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"एकटीनं?"

"एकटीनं."

"झुबेरने हात लावायचा नाही. अम्मीने गच्चीच्या दाराशी उभं राहायचं नाही."

"नाही."

"मग जबान दिली."

नळ्या घरी आल्या, आणि त्या रविवारी उरणला चुलत बहिणीची, रिदाची, मंगनी होती. सगळे सकाळीच निघाले. "मगरिबच्या नमाजेच्या आत येतो," अब्बा जिन्यातून म्हणाले. झुबेरने खालून हाक दिली, "अल्फू, पाल आली तर तिला अँटेना धरायला सांग!"

मग इमारत शांत झाली. रविवारची दुपार, खालची दुकानं बंद. इतकी शांत की पाण्याच्या टाकीत पडणारी धार तिला तिसऱ्या मजल्यावर ऐकू येत होती. तिने टीव्हीला डिजिटल सिग्नल पकडणारा छोटा डबा जोडला. पडद्यावर पांढरी अक्षरं आली : सिग्नल नाही. तिने दाराला बाहेरून कुलूप घातलं, किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली आणि कुराणातली आयतल कुर्सी पुटपुटत, नळ्या सांभाळत, एकेक पायरी चढून ती गच्चीवर गेली.

गच्ची तापली होती. एका कोपऱ्यात टाकी, दुसऱ्या कोपऱ्यात जुना लोखंडी खांब. मधे डक्टचं तोंड, जाळी टाकून झाकलेलं. इमारतीच्या पोटातून थेट तळापर्यंत गेलेला तो काळोखा चौकोन. सगळ्या न्हाणीघरांच्या खिडक्या त्यातच उघडायच्या. त्याच्या अगदी तळाशी ठमाबाईची खिडकी. अल्फियाने तिकडे पाठ केली.

काम मात्र तिच्या हातचं होतं. हात कामाला लागले की भीती जरा मागे सरकून बसते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मधल्या नळीवर तिने मोजून कापलेल्या काड्या बसवल्या, मागे लांब, पुढे आखूड, वायर जोडली आणि सगळा सांगाडा त्या जुन्या खांबावर चढवला. दिशा शोधायला तिला होकायंत्र लागलं नाही. अब्बा नमाजेला ज्या बाजूला तोंड करून उभे राहतात, मुंबईचा मनोराही जवळपास त्याच बाजूला होता. अवघड होतं ते पुढचं. पूर्वीच्या टीव्हीत म्हणे आधी मुंग्या यायच्या, मग सावल्या, मग हळूहळू माणसं. डिजिटलचं तसं नाही. येतं तर काचेसारखं लख्ख, नाहीतर येतच नाही. बोटभर फिरवायचं, जिना उतरायचा, कुलूप काढायचं, पडदा बघायचा, कुलूप लावायचं, पुन्हा चढायचं. तिने असे किती फेरे केले कोण जाणे. ओढणी घामाने भिजली. पडदा काळाच.

ती खांबाला लटकून अँटेना जरासा फिरवत होती, तेवढ्यात खालून हाक आली.

"आला गो, आला! उतर आता!"

आनंदाच्या भरात कोण ओरडलं हेसुद्धा तिच्या मनात आलं नाही. ती धावतच उतरली. दाराला कुलूप तसंच होतं. उघडून बघते तर पडद्यावर पांढरी अक्षरं. सिग्नल नाही.

शेजारच्या इमारतीतलं कुणी असेल, दुसऱ्याच कुणाला हाक मारली असेल... असं स्वतःला समजावत ती परत वर गेली. अँटेना पुन्हा किंचित फिरवला.

"आला, आला! लख्ख आला! ये खाली..."

या वेळी आवाज कुठून येतोय ते तिला कळलं. डक्टमधून.

ती सावकाश उतरली. कुलूप जागेवर. किल्ली ओढणीला. दार उघडलं. काळा पडदा. आणि घरात शिरता शिरता, उंबऱ्याजवळ, तिच्या नाकात एक वास गेला. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा, घसा खवखवणारा... मशेरीचा.

 अल्फिया जिन्यात येऊन बसली. खाली पळावं, तर तळाला ठमाबाईची खोली. वर जावं, तर डक्ट. घरात जावं, तर तो वास. फोनवर झुबेरचं नाव आलं, बोट त्यावर टेकलंही. तो येईल. धावत येईल, आणि मग जन्मभर हसेल. आणि ते पत्र अम्मीच्या कपाटात, साड्यांच्या खाली, घडी होऊन जाईल.

बोट टेकलेलं राहिलं. आणि त्या भीतीतच तिच्या आत कुठेतरी दुसरंच काहीतरी तापायला लागलं. माझा अँटेना. मी कापलेल्या काड्या, मी जोडलेली वायर. चित्र नसताना ‘आला’ म्हणणारी ही कोण? नाही आलं, तर नाही आलं म्हणावं. खोटं कशाला?

ती उठली. गच्चीवर गेली, डक्टच्या जाळीपाशी गुडघे टेकले, आणि त्या काळोखात तोंड घालून, रडवेल्या पण मोठ्या आवाजात म्हणाली,

"ठमामावशी, खोटं बोलू नकोस. चित्र नाही आलेलं."

 टाकीतली धार थांबली होती. मग खूप खोलातून, पाण्याखालून यावा तसा, अपराधी आवाज आला,

"...ऊन लागंल ना गो तुला. म्हून बोलली."

अल्फियाच्या अंगावर भर उन्हात काटा आला.  तरी ती जाळी सोडून उठली नाही.

"लागू दे. खरं सांग. आलं का?"

खालून आलं,

"...नाय."

तिने उठून खांबावरचा अँटेना धरला. डोळे मिटून जरासा फिरवला. "आता?"

"नाय."

"आता?"

"नाय... नाय गो... थांब... गेला."

तिने तो फिरवला तसाच परत, नखभर, मागे घेतला. अँटेना थोडा वर उचलला. वारा पडला होता. नळ्यांवरून ऊन सरकत टॉवरच्या भिंतीवर गेलं होतं. डक्टमधून हुंकारही येईना.

"मावशी?"

"मानसं दिसतात गो," आवाज म्हणाला. अगदी हळू, जणू कुणी ऐकेल. "सगली दिसतात..."

अल्फियाने नट आवळले. दोनदा आवळले. मग ती उतरली, कुलूप काढलं, दार ढकललं. पडद्यावर एक बाई बातम्या वाचत होती. इतकी स्वच्छ, की तिच्या साडीच्या काठातला एकेक धागा मोजून घ्यावा.

ती सोफ्याच्या पार टोकाला, उंबऱ्यापासून लांब, पाय वर घेऊन बसली. रडत होती की हसत होती, तिलाही सांगता आलं नसतं. एवढं खरं, की ती घरातून पळाली नाही.

मगरिबच्या आधी सगळे आले. अब्बा दारातच थबकले. चपला न काढता पडद्याकडे बघत राहिले. झुबेरने टीव्हीच्या मागे वाकून वायर तपासली, मग गच्चीवर धावला, परत आला आणि पहिल्यांदाच त्याला टोमणा सुचला नाही.

"माशाअल्लाह," अम्मी म्हणाली. "एकटीनं केलंस?"

इथे ‘हो’ म्हणता आलं असतं. पण दिवसभर दुसऱ्याला खरं बोलायला लावून आता आपणच खोटं बोलायचं, हे तिला जमेना.

"नाही, अम्मी. कुणीतरी खालून सांगत होतं. आलं की नाही ते."

"झालं! हरली!" झुबेरने टाळी वाजवली. "कोण होतं? बोल."

अल्फियाने उंबऱ्याकडे पाहिलं. "ठमामावशी."

अम्मीच्या ओठांवर कलमा आला. झुबेरची टाळी तशीच हवेत. फक्त अब्बा शांतपणे खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "काय म्हणाली? शब्द न् शब्द सांग."

तिने सांगितलं. ‘आला’ सांगितलं, ऊन सांगितलं, ‘नाय’ सांगितलं. अब्बांनी चष्मा काढला.

"कुवेतहून पहिला टीव्ही आणला तेव्हा तो खांब मी उभा केला. मी वर, ठमाबाई खाली. मी ओरडायचो, आला का? ती म्हणायची, आला! उतरून बघतो, तर नुसत्या मुंग्या. परत चढायचो, परत आला! एकदा चिडलो, तर म्हणाली, भाई, ऊन लय हाय, तुमी उतरा."  ही गोष्ट त्यांनी घरात कधीच सांगितली नव्हती. "मरेपर्यंत तिने मला एकदासुद्धा ‘नाय’ म्हटलं नाही. आणि तू तिच्याकडून वदवलंस?"

"पण अब्बा, मदत तर झाली ना?" झुबेर पुटपुटला.

"मदत? ही मेलेल्या माणसाला तोंडावर खोटी म्हणून आली. तू गेला असतास?"

 झुबेरने उंबऱ्याजवळचे पाय तेवढे उचलून घेतले.

अब्बांनी खिडकी उघडली. समोरच्या, बाजूच्या, खालच्या, ज्याला ज्याला ऐकू जाईल त्याला ते सांगत सुटले, "या, चित्र बघायला या! आमच्या अल्फियाने लावलाय. एकटीनं!" त्यांचा आवाज इतका भरून आला होता, की अल्फियाला त्या संध्याकाळी प्रथमच दचकायचं सुचलं नाही.

पुण्याला गेल्यावर काही दिवसांनी अम्मीचा फोन आला. टीव्ही झकास चाललाय, अब्बा पाहुण्यांना आधी अँटेना दाखवतात आणि मग चहा देतात. आणि हो, उंबऱ्याजवळचा तो मशेरीचा वास... तू गेलीस त्या दिवसापासून बंद झालाय. "गेली बिचारी," अम्मी म्हणाली. "अल्लाहने वाट दिली तिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी अल्फिया एका उंच इमारतीच्या गच्चीवर एकटीच अँटेना फिरवत होती. खाली यंत्रासमोर तिच्याबरोबर काम करणारा इंद्रजीत बसला होता. त्याचा फोन आला.

"आला, आला! परफेक्ट. ये खाली, जेवायला जाऊ."

तिने पाना खिशात टाकला. गच्चीच्या दाराकडे वळली, आणि जागीच थांबली.

"नाय," कुणीतरी म्हणालं.

 अल्फियाने फोन पुन्हा कानाला लावला. "इंद्रजीत, नाही आलेला. नीट बघ."

 "...सॉरी. भूक लागली होती गं. पण तुला वर बसून कसं कळलं?"

 मान ताठ ठेवून, मागे न बघता, ती नट सैल करू लागली.  वाऱ्यावर भाजलेल्या तंबाखूचा वास येत होता. आणि ते ‘नाय’ या वेळी खालून आलं नव्हतं.